वजीरचं वजन

निवृत्तीअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उसाच्या ट्रकांची रांग कडा गावापासून थेट आष्टीपर्यंत गेली होती. ड्रायव्हर हॉर्न बडवत होते, अर्धा तालुका तमाशा बघायला लोटला होता, आणि या गदारोळाच्या मधोमध, कारखान्याच्या साठ टनी वजनकाट्यावर, एक तांबूस गावठी कुत्रं एकटंच बसलं होतं.

"किती भरलं बे?" अण्णांनी केबिनकडे पाहून विचारलं.

"शून्य!"

"बघा सर, लई हलकं हाय!" अण्णा अभिमानानं माझ्याकडे वळले. तोवर आमची ओळखही झाली नव्हती.

अण्णांनी सारी नोकरी याच काट्यावर काढलेली. दुसऱ्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मुलगी यशोधरा जर्मनीत नर्स. तिचं लाडकं कुत्रं, वजीर, इकडेच राहिलेलं. अण्णा आणि भिमाबाई तिला भेटायला जाणार, तेव्हा वजीरलाही न्यायचं ठरलं. पिशवीसकट आठ किलोच्या आत भरला तर विमानात अण्णांच्या पायाशी. जास्त भरला तर खाली सामानाच्या कप्प्यात.

"सामानात? पोरीला शब्द दिलाय, जवळ बसवून आणतो म्हणून!"

कागदोपत्री सगळं झकास चाललं होतं. डॉक्टरांनी आधी मानेत चिप बसवली, मग रेबीजची लस टोचली. ("ह्याला रेंज कुठवर येती?" शेजारच्या सटवानं चौकशी केली.) महिन्यानं रक्त तपासणीला परदेशी गेलं, रिपोर्ट चांगला आला. पण तिकडच्या नियमानं रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं होतं. तिथंच घात झाला.

आपल्याकडे लांब निघालेल्या माणसाला घरोघरी जेवायला बोलावतात. अण्णांना शुगर.

"मंग वजीरला तरी धाडा," गल्लीतल्या छबुबाई म्हणाल्या. "त्योबी परदेशीच चाललाय की!"

छबुबाईंनी तुपात बुडवून पुरणपोळ्या घातल्या. सटवाकडे मटण. सरपंचांकडे बासुंदी. वजीरनं कुणाचं मन मोडलं नाही.

"आवो, त्याचं पोट भुईला टेकायलंय," भिमाबाई म्हणाल्या.

"केस वाढलेत," नजरेनं ट्रकचं वजन सांगणारे अण्णा म्हणाले.

शेवटी भिमाबाईंनी त्याला किराणा दुकानातल्या काट्यावर बसवलं. पावणेअकरा! मग अण्णा त्याला रोज पहाटे पाटोद्याच्या रस्त्यानं पळवू लागले. पंधरवड्यात वजन उतरलं, पण अण्णांचं.

यशोधराचा फोन आला. "पप्पा, ठेवा ना खाली. किती कुत्री जातात तशी."

"त्याला एकल्याला अंधारात बसवू? त्यापेक्षा तुझ्या आईला बसवतो!"

"बसवा," भिमाबाई म्हणाल्या. "तुमच्या घोरण्यापासून तरी सुटंल."

वजीरसाठी अण्णांनी आपलं तिकीट रद्द केलं. भिमाबाई एकट्याच जर्मनीला जाऊन आल्या. यशोधरानं तिकडे मांजर पाळलंय.