आडाच्या अलीकडे

बिराजदार सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या बाजारात होते. फोन त्यांच्या मुलीचा होता. पहाटे गेले, माती निलंग्याला करायची आहे, आम्ही निघालोत, एवढंच ती बोलली. तीनच आठवड्यांपूर्वी मी विष्णुपुरीला तिच्या घरी जाऊन सरांना भेटून आले होते. पक्षाघातानं त्यांची वाचा गेली होती, पण ऐकू येत होतं, सगळं समजत होतं. एक गोष्ट आज सांगायचीच, असं ठरवून मी गेले होते. तासभर बसले. ऊन, गोदावरीचं पाणी, कुणाची बदली कुठं झाली... सगळं बोलले. तेवढी गोष्ट बोलले नाही. पुढच्या वेळी सांगू, असं मनाशी म्हणत जिना उतरले.

निलंग्याजवळच्या एका गावातल्या खाजगी संस्थेच्या शाळेत आम्ही बरोबर होतो. ते इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचे, मी मराठी. मी लागले तेव्हा ते तिथं जुने झालेले होते. उंच, थोडे वाकलेले, कपाळावर भस्माची पुसट रेघ, आणि बोलणं इतकं हळू की मागच्या बाकावरची पोरं आपोआप गप्प बसायची. वर्गात ते फार कमी असत. एकदा त्यांनी सगळ्या पोरांना मैदानात नेलं. झेंड्याचा खांब म्हणजे आज, आणि एक पाऊल म्हणजे दहा वर्षं मागं. निजामाचं राज्य गेलं ते आठ पावलांच्याही आत आलं, आणि पोरं चकित झाली, कारण आजोबांचा जन्म त्याच्याही मागं पडत होता. शिवाजी महाराज लिंबाखाली आले. सातवाहन फाटकाबाहेर, पार एसटीच्या थांब्यापाशी. तिथून वळून शाळेकडं बघताना एक पोरगा म्हणाला, ‘सर, आपण लई थोडे आहोत की.’ सर त्याच्याकडं बघत राहिले. दुसरे शिक्षक म्हणायचे, हे काय शिकवणं झालं, नुसतं उन्हात फिरवणं. मीही एक-दोनदा म्हटलं असेन.

ज्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे, त्या वर्षी त्यांनी नववीला एकच प्रश्न दिला. नळ यायच्या आधी तुमच्या घरचं पाणी कुठून यायचं? घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून या. पोरांनी महिनाभर गाव पालथं घातलं. मोठ्या पुठ्ठ्यावर गल्ल्या काढल्या, घरं काढली, गावातले तीन आड काढले, आणि प्रत्येक घरापासून त्याच्या आडापर्यंत रंगीत दोरा चिकटवत नेला. वर्गात सुनीता नावाची मुलगी होती, वेशीबाहेरच्या वस्तीतली. तिच्या आजीनं तिला सांगितलं होतं की मोठ्या आडाला आमचा हात लागू द्यायचे नाहीत. घागर खाली ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतायचं. आजीनं हेही बजावलं होतं की लिव्ह, म्या काय खोटं सांगायले का. सुनीता दोरा हातात घेऊन थांबली. मी तेव्हा भित्तिपत्रकाचे कागद द्यायला त्या वर्गात गेले होते.

‘सर, आमचा दोरा आडापर्यंत जात न्हाई. मग कुठं थांबवू?’

‘तुझी आजी जिथं थांबायची तिथं,’ सर म्हणाले.

तिनं दोरा आडाच्या बोटभर अलीकडे चिकटवला. मग वस्तीतल्या बाकीच्या पोरांनी आपापला दोरा तिच्या शेजारी आणून थांबवला. पाटलांच्या गल्लीतली एक मुलगी रडायला लागली, तिला सरांनी रडू दिलं.

पालकांच्या मेळाव्याला तो नकाशा व्हरांड्यात लागला. मोठा आड संस्थेच्या अध्यक्षांच्या घराण्याचा होता. ते नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून तो काढायला सांगितलं. सर म्हणाले, काढायचा तर पोरांसमोर काढा आणि त्यांना कारण सांगा. कारण सांगायला कुणी तयार नव्हतं. व्हरांड्याची भित्तिपत्रकाची भिंत माझ्याकडं होती, म्हणून मग मला सांगण्यात आलं. माझ्या नेमणुकीला संस्थेमार्फत मिळणारी शिक्षण खात्याची मान्यता अजून आली नव्हती. मान्यतेबद्दल मुख्याध्यापक एक शब्दही बोलले नाहीत, बोलायची गरजही नव्हती. रविवारी भर दुपारी मी एकटी शाळेत गेले, नकाशा उतरवला, गुंडाळला आणि ऑफिसच्या कपाटात ठेवला. काही दोरे सुटून माझ्या साडीला चिकटले होते. ते मी रस्त्यात एक एक काढून टाकले.

सोमवारी पोरांनी रिकामी भिंत बघितली. सरांनी कुणाला काही विचारलं नाही. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात त्यांच्याकडून इतिहास गेला होता. ग्रंथालय आणि शिष्यवृत्तीचे अर्ज त्यांच्याकडं आले. इतिहास मला मिळाला. मी प्रश्न आणि उत्तरं लिहून द्यायचे, पोरं पाठ करायची. निकाल चांगला लागला आणि अध्यक्षांनी भाषणात माझं नाव घेतलं. सर तेव्हा मागच्या रांगेत बसले होते. निवृत्त होईपर्यंत ते ग्रंथालयातच राहिले. त्यांना पुस्तकं झाडताना मी रोज बघायचे. मधल्या सुट्टीत आम्ही एकाच टेबलावर चहा प्यायचो. ते मला कधी टाकून बोलले नाहीत, त्या नकाशाचा विषयही त्यांनी काढला नाही. ते कुठल्या तरी दिवशी विचारतील, या भीतीत माझी ती वर्षं गेली. मान्यता आली, मी कायम झाले, तरी भीती गेली नाही.

माती झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी पुन्हा निलंग्याला त्यांच्या घरी गेले. ओसरीवर सुनीता बसली होती. आता ती लातूरकडच्या एका शाळेत शिक्षिका आहे. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘सुनीता, तो नकाशा मी काढला होता.’

‘माहीत हाय, मॅडम,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी वस्तीच्या नळाला पाणी नव्हतं, मी शाळेच्या हातपंपावर पाण्याला आले होते. मी बघितलं. सरांना सोमवारी मीच सांगितलं.’

सर काय म्हणाले, हे विचारायला मला जड गेलं. तिनंच सांगितलं.

‘म्हणाले, मॅडमची नोकरी अजून कच्ची हाय. कुणाला सांगू नको.’

म्हणजे दुसऱ्याच दिवसापासून त्यांना माहीत होतं. चहाच्या टेबलावर त्या सगळ्या वर्षांत त्यांना माहीत होतं. विष्णुपुरीच्या खोलीत मी उन्हाच्या गप्पा मारत होते, तेव्हाही...

सुनीतानं पिशवीतून एक पांढरा तक्ता काढला. तो नकाशा तिला पुन्हा काढायचा होता, तिच्या शाळेतल्या पोरांना दाखवायला. जुना मी कपाटात शोधला होता का, असं तिनं विचारलं. मी कितीदा शोधला होता आणि तो कसा सापडलाच नाही, ते सांगितलं. मग आम्ही दोघी सरांच्या बैठकीत जमिनीवर बसलो. तिनं गल्ल्या आखल्या, आड काढले, वस्ती काढली. तिचं घर, शेजारची दोन घरं, तिच्या मैत्रिणीचं घर... आणि ती थांबली. पुढं कुणाचं घर होतं, त्यांची म्हातारी कुठं उभी राहायची, ते तिला आठवेना. मला तर कधी माहीतच नव्हतं, मी तो नकाशा नीट वाचलाही नव्हता. तिची आजी गेली, सांगणारी बाकीची माणसं गेली, पोरं पुण्या-हैदराबादला पांगली. विचारायचं तर आता कुणाला?

ऊन उतरेपर्यंत बसलो. अर्ध्याहून जास्त तक्ता कोराच राहिला. तिनं तो तसाच गुंडाळला आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून उठली.