नमितासाठी केलेलं बटण

पेणच्या रामवाडीत निलेश आणि नमिताचं दोन खोल्यांचं घर. निलेश धाटावच्या एका केमिकल कंपनीत मेकॅनिक. नमिता घरूनच मुंबईतल्या एका कंपनीचं काम करायची. बँकेत खातं उघडणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर घ्यायचं, ओळखीचं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला लावायचं, चेहरा जुळवून बघायचा. प्रत्येक कॉल रेकॉर्ड होई, आणि मागून घरातला आवाज आला की मार्क कापले जात.

आवाज सासूचा. इंदुबाईंचा सारा जन्म मिठागरात गेलेला. सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्या डोक्यातून एकेक माणूस पुसला गेला, राहिली ती खाडी. खाटेवर बसल्याबसल्या त्या ओरडायच्या, "धावा रं, बांध फुटला!" नमिता माउस फिरवून म्यूट शोधेपर्यंत समोरच्याने ऐकलेलं असायचं. दोनदा ताकीद आली. तिसऱ्यांदा काम जाणार होतं.

निलेशने सुट्टीच्या दिवशी आधी हेडफोनची वायर कापून मध्ये साधा स्विच घातला. पण तो दाबला की समोरच्याच्या कानात 'खट्ट' वाजायचं. मग त्याने एक छोटं सर्किट मागवलं, कॉम्प्युटरला कीबोर्डच वाटेल आणि एका दाबात म्यूट होईल असं. भंगारातल्या पॅनलचं लाल बटण आणलं आणि जेवणाच्या जुन्या डब्याला भोक पाडून त्यात बसवलं. सोल्डरिंग करताना बोट भाजून घेतलं. एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं होई, तेही मोबाइलवर बघून बघून निस्तरलं.

"न बघता मार हात," तो म्हणाला.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्याने स्वतःच्या हाताने तिच्यासाठी काही केलं ते हे पहिलंच. नमिताने डबा पदराने पुसून लॅपटॉपशेजारी ठेवला.

बटण झकास चाललं. सासूचा सूर लागला की हात आपसूक जायचा, सूर थांबला की नमिता पुन्हा दाबून बोलायला लागायची. मार्क चढले.

दिवाळीच्या आधीची दुपार. एक म्हातारे गृहस्थ कार्ड उलटंच धरत होते. मागच्या दारातून हाक आली, "नमे."

बांध नाही, पाणी नाही. वर्षभरात इंदुबाईंनी सुनेचं नाव घेतलं नव्हतं.

"नमे गो."

नमिताने ते ऐकलं आणि बटण दाबलं. कॉल मध्येच तोडला असता तर तिसरी ताकीद ठरलेली होती. हाक थांबली तशी तिने गृहस्थांना कार्ड सुलटं धरायला सांगितलं. पुन्हा हाक आली, पुन्हा हात गेला. सात मिनिटांनी ती उठली तेव्हा इंदुबाई मागच्या दाराबाहेर मोरीच्या पायरीखाली पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन हृदयाला झेपणार नाही म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवलं. त्या दिवसापासून इंदुबाई बोलल्याच नाहीत. रोह्याहून नणंद जनी आली. तिने सहज विचारलं, "आयेने हाक मारली नाय का गो?"

"मी कॉलवर होते," नमिता म्हणाली. जनीने मान हलवली.

पंधरा दिवस नमिताने ते पोटात ठेवलं. मग एका सकाळी निलेश शिफ्टला निघताना म्हणाली, "मला ऐकू आलं होतं. माझं नाव घेतलं होतं त्यांनी."

निलेश एकाच पायात बूट घालून बसून राहिला. त्याने विचारलं, "आयेला सांगितलंस?"

"रोज सांगते. त्या बघत पण नाय."

बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. तो दुसरा बूट चढवून गेला. त्यानंतर त्या दोघांत हा विषय पुन्हा निघाला नाही, दुसरेही फारसे निघाले नाहीत.

पौषात इंदुबाई गेल्या. नेमक्या कधी, ते कुणालाच कळलं नाही. सकाळभर कॉल चालू होते आणि घरात कसला आवाज नव्हता. दुपारी नमिता पेज घेऊन गेली तेव्हा अंग गार पडलं होतं. जनी रोह्याहून येईपर्यंत ती सासूचा हात धरून बसली होती. जनीने तिला हाका मारल्या तरी नमिताने ओ दिली नाही.