खंडेनवमीचा हार

जिनेश चौगुले म्हणजे गडमुडशिंगीचा नाकासमोर चालणारा माणूस. पण कुणी वाळूत माती मिसळली की त्याच्या तोंडाचा पट्टा असा सुटायचा, की ठेकेदार चहा अर्धा टाकून पळायचे. आमच्या बांधकाम कार्यालयात तो प्रयोगशाळेचा प्रमुख होता आणि मी आस्थापना शाखेतला कारकून, बदल्यांचे आदेश टाइप करणारा.

कागलकडच्या रस्त्याच्या मोठ्या प्रकल्पातून ती प्रयोगशाळा उभी राहिली. उद्घाटनाला पाहुणे म्हणाले, रस्ते खराब होतील, पण इथं तयार झालेली माणसं टिकतील. आम्ही टाळ्या वाजवल्या. जिनेशनं ते खरं मानलं, हीच त्याची पंचाईत.

काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचं एक मशीन होतं. ठोकळा किती दाब सोसतो, त्यावर रस्ता पास की नापास. जिनेशनं त्यावर चौघांना शिकवून तयार केलं. त्यात नेसरीची क्रांती सगळ्यांत तरबेज. खंडेनवमीला मशीनची पूजा करून झेंडूचा हार घालायचा, त्या दिवशी ते चालवायचं नाही, आणि दसरा झाला की हार उतरवून क्रांतीनं पहिला ठोकळा फोडायचा, असा त्यांचा रिवाज.

गेल्या वर्षी प्रकल्प संपला. इतर कार्यालयांतून उसने आणलेले तिघे परत गेले. राहिली कंत्राटावरची क्रांती. जिनेशच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. तो साहेबांकडे गेला.

"साहेब, मला काय नको. एवढी पोरगी ठेवा. न्हाईतर मशीन चालवणारं कोण न्हाय."

साहेब माणूस वाईट नव्हता. "चौगुले, पदं प्रकल्पाची होती. प्रकल्पाबरोबर गेली. मी वर लिहिलंय, आणखी काय करू?"

जिनेशनं खंडेनवमीला हार घातला. दसऱ्यालाच क्रांतीची मुदत संपली आणि सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी जिनेशचीही दुसऱ्या कार्यालयात बदली झाली. आदेश मीच टाइप केला. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटून काही उपयोग नव्हता. जाताना जिनेश म्हणाला, "नवा माणूस येईल की. शिकंल हळूहळू."

नवा माणूस आलाच नाही. ठोकळे बाहेरच्या खासगी प्रयोगशाळेत जायला लागले.

यंदा खंडेनवमीच्या पूजेला साहेबांनी निवृत्त जिनेशला मानानं बोलावलं. तो टोपी घालून, स्वतः हार घेऊन आला. शिपायानं प्रयोगशाळेचं कुलूप काढलं. मशीनवर एक हार होताच. वाळून काळा पडलेला, दोऱ्याला चार पाकळ्या चिकटलेल्या.

जिनेशनं दोऱ्याची गाठ बोटानं चाचपली. मग माझ्याकडे वळला.

"ह्यो मीच घातलेला का रं?"

मी मान खाली घातली. त्यानं तो हार हलक्या हातानं उतरवला, तरी त्याचा चुरा झालाच. रुमालानं मशीन पुसलं. साहेब मागून हळूच म्हणाले, "चौगुले, घाला की नवा."

त्यानं घातला, कुंकू लावलं, हात जोडले. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दसरा झाला की उतरव तेवढा."

"व्हय," मी म्हणालो. ते मशीन सुरू कुठून करतात, हेही मला ठाऊक नाही.