टोकदार कंसातलं

अण्णा आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासत. पोटातलं म्हणून ओठांवर येऊ द्यायचे नाहीत. अगदीच राहवलं नाही तर कागदावर टोकदार कंसात लिहायचे.

आमची ताई प्रोग्रॅमर, कामाला वाघ आणि तोंडाने फटकळ. आई गेल्यावर अण्णा एकटे पडले, तेव्हा तिने आम्हा घरच्यांसाठी एक अ‍ॅप केलं. एकाने लिहिलेलं बाकीच्यांच्या कॉम्प्युटरवर एका खिडकीत वेबपानासारखं उमटायचं. वेबपानं घडवणाऱ्या एचटीएमएलच्या खुणाही टोकदार कंसातच असतात. भलती खूण आत शिरू नये म्हणून अनोळखी कंस मजकुरासकट गाळायची सोय तिने केली होती.

अण्णांचं रोज एकच उमटायचं, "मी बरा आहे."

ताई करवादायची, "आणखी दोन शब्द लिहिले तर बोटं झिजतील का यांची?"

शेवटी अण्णांचा कॉम्प्युटर बिघडला, म्हणून ताई गेली. दुरुस्त करून म्हणाली, "रोजच्यासारखं लिहून बघा."

अण्णांनी लिहिलं, "मी बरा आहे <एकदा येऊन जा>."

ताईच्या लॅपटॉपवरच्या खिडकीत पहिले तीनच शब्द उमटले.

"अण्णा, हे कधीपासून लिहिताय?"

"रोजच," अण्णा म्हणाले. "वाटलं, तुम्हा मुलांना सवड नसेल."