गोड्या विहिरीतलं सोनं

डोंबिवलीच्या खाडीकाठी कुठंही खड्डा खणा, मचूळ पाणी लागायचं. तुळसाच्या अंगणातली विहीर तेवढी गोड. ती जागा नाथा पाणाड्यानं दाखवलेली. उंबराची बेचकी दोन्ही मुठींत धरून तो चालला, बेचकी खाली ओढली गेली आणि तो म्हणाला होता, "हितं खना. पन अकरा हातांवर थांबा. खाली निली चिकन माती लागंल, ती खनाची नाय. तिच्याखाली खारीचं खारट पानी हाय."

नाथा मासे मारायचा जेमतेम, पण पाणी सांगायला त्याला थेट टिटवाळ्यापर्यंत बोलावणी यायची. पाण्याबाबत तो कधी चुकला नाही. त्याला त्याचा गर्वच होता म्हणा ना.

शहाऐंशीच्या चैत्रात तुळसाची सासू दगडाबाई वारली. शेवटचे आठ दिवस जीभ गेलेली, नुसता हात अंगणाकडं करायची. तिची सोन्याच्या पुतळ्यांची माळ काही सापडेना. धाकटा दीर दामाजी तेराव्याच्या पंगतीतच बोलला, "म्हातारीचं करनारी तूच. मग माल गिलली कोनी?"

तुळसा विधवा बाई. तिनं ताटावरून उठून नाथाला निरोप धाडला.

"वैनी, माझी बेचकी पान्याची. सोन्याचं तिला काय समजतंय?" नाथा म्हणाला.

"कंला नाय समजनार? जमनीखालचंच ना? नाथा, माझ्या कपाली चोरीचा डाग लागलाय रे."

जे शोधायचं त्याचा नमुना मुठीत धरायचा, अशी रीत. तुळसानं मुलीच्या, जनीच्या, कानातली कुडी काढून दिली. सारी आळी गोळा झाली. नाथानं अंगणाला एक फेरी घातली, दुसरी घातली. तुळशीमागं, चुलीच्या भिंतीला, जाळी वाळत घालायच्या खांबापाशी. बेचकी ढिम्म.

"जल्ला, झोप लागली कं काय हिला!" दामाजी हसला. "नाथा, गरम च्या पाज तिला!"

बायाही फिदीफिदी हसल्या. नाथाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिसऱ्या फेरीत तो विहिरीच्या काठाशी आला आणि बेचकी सर्रकन खाली वाकली. वाकणारच. खाली पाणी होतं. हे त्याच्याएवढं दुसऱ्या कुणाला ठाऊक?

हसू थांबलं. तुळसा त्याच्याकडं अशी बघत होती, जशी बुडणारी होडीकडं बघते.

"हितं हाय," नाथा म्हणाला.

दोन दिवस विहीर उपसली. दामाजी स्वतः पहार घेऊन उतरला. तळाच्या गाळात काही नाही.

"सोना जड असतंय, खाली खाली जातंय," तो आतून ओरडला. "अजून खनतो!"

थोड्या वेळानं टोपलीतून निळी माती वर आली. गुळगुळीत, थंड. नाथा काठावरच उभा होता. 'थांब' एवढं एक म्हणायचं. पण थांब म्हटलं की मग सोन्याचं काय, हे विचारणारच. नाथानं टोपली हातात घेतली आणि बाजूला ओतली.

संध्याकाळपर्यंत विहीर भरली. तुळसानं ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली.

माळ मिळाली नाही ती नाहीच. "चोरीचा माल, देवानं पानी पन नासवलं," दामाजीनं सांगून टाकलं आणि आळीला ते पटलं.

तेव्हापासून नाथा रोज सकाळी सायकलला दोन हंडे बांधून स्टेशनकडच्या नळावरून तुळसाकडं पाणी आणू लागला. चार वर्षं. बेचकीला हात लावला नाही. बायका म्हणायच्या, "सख्खा दीर असा, नि परका बघा कसा!" तुळसा म्हणायची, "भाव हाय तो माझा." नाथाला त्या वेळी हंडा डोक्यात घालून घ्यावासा वाटे.

नव्वद सालच्या नारळी पुनवेला ती राखी घेऊन समोर आली. "हात कर."

नाथानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"वैनी, बेचकी पान्यावर वाकलेली. सोन्यावर नाय. मना ठावं होतं. निली माती आयली तवा पन मी गप ऱ्हायलो."

तुळसानं राखी मुठीत मिटली.

"विहिरीचं जाव दे," ती म्हणाली. "चार वरसं मी चोर म्हनून जगतंय. लोकं बोलतात, नाथाची बेचकी खोटी ठरत नाय, म्हंजे माल तिथं होती नि हिनं आधीच काढली. हे तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग मना कंला सांगतंस? चल बंदरावर."

बंदरावर नारळाची मिरवणूक पोचलेली, बँड वाजत होता. नाथानं दामाजीचा दंड धरून त्याला थांबवलं आणि बेचकी सोन्यावर नव्हे, पाण्यावर वाकली होती हे सगळ्यांदेखत सांगितलं.

"मंग माल कुठाय?" दामाजीनं विचारलं.

"ठावं नाय. मना कवाच ठावं नव्हतं. म्हातारीनं काय पुरलं, पुरलं कं नाय, कायच नाय."

कुणीतरी शिटी मारली. "पाणाड्या कसला, थापाड्या!" हशा उसळला. दामाजी मात्र हसला नाही. तो तुळसाकडं बघायचं टाळत होता.

दुसऱ्या दिवशी नाथा हंडे घेऊन गेला आणि उंबऱ्याबाहेरच थबकला. तुळसा दारात आली. हातात राखी नव्हती.

"पावन्यासारका उबा नको ऱ्हाऊ. वत पिंपात," ती म्हणाली. "पन भाव नाय बोलनार तुला आता."

नाथानं हंडा उचलला आणि आत गेला.