उलट्या बाजूने येणारा बाण
कपाट आवरताना जुना माऊस हाती लागला आणि पिंप्राळ्याच्या घरातली एक दुपार आठवली. वडील गेल्यावर आई माझ्याकडे आली होती, पण दिवसदिवस गप्प असायची. मी घरूनच दोन स्क्रीनवर काम करायचो. त्या दिवशी कॉम्प्युटर अपडेट झाला आणि दोन्ही स्क्रीनचा डावा-उजवा क्रम उलटला. डाव्या स्क्रीनच्या डाव्या कडेबाहेर गेलेला माऊसचा बाण पार उजव्या स्क्रीनच्या उजव्या टोकातून उगवू लागला. मागून आई म्हणाली, "तथाईन गया, मंग अथाईन कसा उना रे?" तिकडून गेलेला इकडून कसा आला, ते तिचं तिलाच बघू दे म्हणून मी माऊस तिच्या हातात दिला. ती बाण पुन्हापुन्हा घालवून परत आणत राहिली आणि चक्क हसली. सेटिंग बदलणं सोपं होतं, तरी मी ते तसंच ठेवलं. पुढे कधी बदललं ते आता आठवत नाही. रोज दुपारी आई माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसू लागली, ते मात्र आठवतं.