पुढचं दार

मुंबईच्या धक्क्यावर मला निरोप द्यायला निम्मा गाव आला होता. मी जातेय याचं दुःख त्यांतल्या एकाच बाईला होतं; बाकीच्यांना आपण जात नाही याचं होतं. चुलतसासरे माझ्या पेटीची दोरी पुन्हा पुन्हा ओढून बघत होते, जणू पेटी त्यांचीच. नणंद कानाशी लागून म्हणत होती, "भाभी, नायलॉनची साडी. मोरपंखी. विसरू नका." कुणाचा तरी जावई बोटीकडे बघत उसासला, "नशीब काढलंत हो!" काढलं होतं खरं. बोटीच्या पोटात, इंजिनाच्या धगीला, एका सतरंजीएवढं नशीब.

ती एक बाई म्हणजे माझी सासू. तिला आम्ही सगळे मां म्हणायचो. श्रीवर्धनच्या बाजूला खाडीकाठी आमचं गाव, आणि ते सोडून ती पहिल्यांदाच मुंबईला आली होती. गर्दीत घुसून तिने सुक्या बोंबलांची पुरचुंडी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "तिथं पावणीसारखी राहू नको. पावणीला दोन दिस मान असतो, मग लोक भांडी मोजतात. आपलं घर समजून राहा." मग तिने तोंड फिरवलं. बाकीचे सगळे बोट दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होते म्हणे.

साठच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. आमचे हे दोन वर्षं आधीच दुबईला गेले होते, खाडीवरच्या एका व्यापाऱ्याच्या वखारीत माल उतरवून घ्यायच्या कामावर. सुट्टीवर आले तेव्हा अत्तर इतकं मारलेलं की गोठ्यातली म्हैस शिंकली. ओटीवर बसून गावाला सांगायचे, तिथे असं आहे, तिथे तसं आहे. गाव तोंडाचा आ करून ऐकायचा. मीसुद्धा दारामागून ऐकलं. आखातातून आलेला माणूस खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही. तो फक्त उन्हाळा, पाणी आणि छप्पर एवढ्या तीन गोष्टी सांगायला विसरतो.

बोट दुबईला लागलीच नाही. ती समुद्रातच दूर उभी राहिली आणि आम्हाला गोण्यांसारखं छोट्या होड्यांत उतरवलं. किनाऱ्यावर हे इस्त्रीची पँट घालून उभे होते. वाळू तुडवत बरंच चाललो आणि मग ते म्हणाले, "आलं घर." मी भिंती शोधत होते. खजुराच्या झावळ्यांचा एक कूड, वर झावळ्यांचंच छप्पर, खाली वाळू. तिथे त्याला बरस्ती म्हणतात. वेगळं नाव दिलं म्हणजे झोपडी झोपडी राहत नाही, असा पुरुषांचा समज असतो. आमचा म्हशीचा गोठा याहून बरा होता, आणि हे मी तेव्हाच बोलून दाखवलं. हे म्हणाले, "अगं, थोडे दिवस. दोन वर्षांत परत जायचंच आहे."

गाढवावरून डब्यांत पाणी यायचं, तेही मचूळ. त्याचा चहा प्यायला की वाटायचं, साखरेऐवजी चुकून मीठ पडलं. उन्हाळ्यात चादर भिजवून अंगावर घ्यायची आणि ती सुकायच्या आत झोप लागावी म्हणून अल्लाला विनवायचं. पहिल्या उन्हाळ्यात मी मांने दिलेला एकेक बोंबील चुलीवर भाजून रडत रडत खाल्ला. धुरामुळे डोळ्यांत पाणी येतं, असं शेजारणीला सांगितलं.

आता फायदे. जायचं ठरवणारे लोक मला आधी तेच विचारतात. मासळी चांगली मिळायची, सुरमई तर आपल्याकडच्यापेक्षा जाड. शेजारची बलुची बाई रोज गरम रोटी द्यायची आणि बदल्यात माझी आमटी चाखून नाक मुरडायची. पण सगळ्यात मोठा फायदा म्हणजे बाजारात मी अमक्याची सून आणि तमक्याची भावजय नव्हते. मोडक्यातोडक्या हिंदीत भाव करून पिशवी भरून एकटी घरी यायची. कुणी वाटेत विचारायचं नाही, कुठे चाललीस, का चाललीस, डोक्यावरचा पदर कुठे गेला. ते सुख मी कुणाला पत्रात लिहिलं नाही. गावात कळलं असतं तर नायलॉनच्या साडीपेक्षा जास्त चर्चा झाली असती.

तेलाच्या कंपन्यांचे गोरे लोकही होते. त्यांच्या बायका बर्फ घातलेलं सरबत पीत उन्हाबद्दल कुरकुरायच्या. त्यांना एक्स्पॅट म्हणत. आम्हाला 'यल्ला' म्हणत, म्हणजे 'चल, हो पुढे'. दोघेही परमुलखात पोटासाठीच आलेलो, पण पोट कुठल्या रंगाचं आहे त्यावर नाव ठरायचं.

आणि मग ह्यांनी घर बांधायला काढलं. दुबईत नव्हे, गावात. जुन्या मातीच्या घराच्या पुढ्यात नवं चिऱ्याचं घर. वर मंगळुरी कौलं, खाली चकचकीत लाद्या. आमच्या समोरच्यांचा मुलगा बहरीनला होता. त्याच्या घराला चार खिडक्यांना रंगीत काचा होत्या, तर आपल्याला सहा पाहिजेत. संध्याकाळी वखारीतून येऊन हे वाळूवर काटकीने घराचा नकाशा काढायचे. मी भाकरी थापत विचारायची, "आणि आपल्या डोक्यावरच्या झावळ्या बदलायच्या कधी?" ते म्हणायचे, "इन्शाल्ला." या माणसाच्या तोंडी इन्शाल्ला आला की समजावं, ते काम झालं नाही.

घर बांधायचं काम ह्यांचा चुलतभाऊ दाऊद बघत होता. मधूनमधून तो फोटो पाठवायचा. पहिल्यात जोतं, दुसऱ्यात भिंती, तिसऱ्यात सहाही खिडक्या. प्रत्येक फोटोत मां होती, आणि प्रत्येक फोटोत ती खाली अंगणात उभी होती, पायरीवर कधीच नाही. मला वाटलं, फोटो काढणाऱ्याने सांगितलं असेल.

नुसरत, आमची मुलगी, चालायला लागल्यावर आम्ही पहिल्यांदा सुट्टीवर गेलो. नव्या घराच्या दाराला पितळी कुलूप होतं. मांने कमरेची किल्ली काढली, दार उघडलं आणि बाजूला झाली. "या," म्हणाली. आम्ही आत गेलो, मागोमाग दाऊद, मग निम्मा गाव. कोचावर चादरी घातलेल्या, लाद्यांत तोंड दिसत होतं, आणि सगळीकडे बंद घराचा वास होता. मां मात्र आत आली नाही. थोड्या वेळाने मागच्या अंगाने जेवणाचं ताट घेऊन आली, वर रुमाल झाकलेला. कोलंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. आम्हाला वाढलं आणि परत मागे गेली.

ताटं घेऊन मी मागे गेले तेव्हा कळलं. ती अजून जुन्याच घरात राहत होती. खरं तर त्याचं निम्मं पाडून चिऱ्यांसाठी जागा केली होती, उरलेल्या पडवीत चूल, मडकी, तिचं अंथरूण आणि दोन कोंबड्या. छपराला एका बाजूने पोतं बांधलेलं.

"मां, तुम्ही इथे का?"

"मग कुठं असू?"

"पुढे. घर तुमच्यासाठीच बांधलंय."

ती हसली. "माज्या पायाला माती असते गो. लाद्या खराब हुतील. तुमी कायमची या, मग बघू."

मी संतापले. आधी तिच्यावर, मग ह्यांच्यावर. बांधणारे झावळ्यांखाली, जिच्यासाठी बांधलं ती पोत्याखाली, आणि चिऱ्यांच्या घरात पाली! मी ह्यांना सरळ म्हटलं, "परत जायच्या आत मांला पुढच्या घरात राहायला आणा. मला दुसरं काही नको. सोनं नको, साडी नको." हे म्हणाले, "ती ऐकत नाही त्याला मी काय करू?" पण त्यांनी सांगितलं तरी होतं का? त्यांचंही मन लाद्यांतच होतं. संध्याकाळी समोरच्या बहरीनवाल्याचा बाप घर बघायला आला तेव्हा ह्यांनी स्वतः फडक्याने कोच पुसला. ते फडकं म्हणजे मांचं जुनं लुगडं होतं.

मी हट्टाला पेटले. एका दुपारी मांचा हात धरून तिला ओढतच पुढे आणली आणि कोचावर बसवली. ती अगदी कडेला बसली, अंगाखाली पदर पसरून, चादर मळू नये म्हणून. दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी. मी म्हटलं, "मां, मला धक्क्यावर काय सांगितलं होतंत? पावणीसारखी राहू नको. आणि स्वतः?" ती म्हणाली, "ते परक्या मुलखासाठी सांगितलं हुतं. हिथं माजं काय आहे? सगळं पोराचं." आणि चुलीवर भात ठेवलाय असं सांगून उठली. चुलीवर भात नव्हता, मी बघून आले.

सुट्टी संपली. निघताना ह्यांनी आईला सांगितलं, "मां, घर जपा." मी तिथेच तोंडावर म्हटलं, "घराला काय जपायचंय? घराने माणसाला जपायचं असतं!" चुलतसासऱ्यांना माझा आवाज फार वर गेल्यासारखा वाटला. दुबईच्या पाण्याचा परिणाम, असं ते म्हणाले. तेवढं एकच त्यांचं बरोबर होतं.

पुढच्याच वर्षी दाऊद नोकरी शोधत दुबईला आला. बोटीवरून उतरला तो तडक आमच्याकडे. त्याचं तोंड बघूनच ह्यांना कळलं. मां गेली होती. ताप आला, चार दिवसांत संपलं, आणि आमच्यात मय्यत ठेवत नाहीत, त्याच दिवशी दफन. दाऊद डोळे पुसत सांगत होता, आणि सांगता सांगता त्याचा सूर बदलला. "माणसं मावत नव्हती, भाई. आसपासच्या वाड्यांतून लोक आले. मी किल्ली काढली तिच्या कमरेची, पुढचं दार उघडलं. आंघोळ आत घातली, जनाजा पुढच्या दारातून काढला. लोक म्हणाले, पोराने आईसाठी घर बांधावं तर असं! शोभलं बघा घर."

शोभलं. जी बाई जिवंतपणी त्या लाद्यांवर पाय ठेवताना घाबरली, तिला पहिल्यांदा आडवी घातली ती त्याच लाद्यांवर. तिच्या पायांना तेव्हा माती नव्हती, नुकतेच धुतले होते. मला ह्यांची कीव आली आणि किळसही आली. दोन्ही एकदम येतात हे मला तोवर माहीत नव्हतं. हे कित्येक दिवस वखारीत गेले नाहीत. मग एका संध्याकाळी म्हणाले, "दाऊदने कुलूप परत लावलंय ना?" मी उठून बलुची शेजारणीकडे जाऊन बसले.

गावी आम्ही कायमचे कधीच गेलो नाही. दोन वर्षांची चार झाली, चाराची चाळीस. बरस्ती गेल्या, आम्ही खोलीत आलो, खोलीतून फ्लॅटमध्ये. हे गेले, त्यांना इथेच पुरलं. गावच्या घराच्या सहा काचांपैकी दोन उरल्यात, असं पुतण्या फोनवर सांगतो. किल्ली कुणाकडे आहे ते मी विचारत नाही.

आता मी नुसरतकडे राहते, अबुधाबीला, खलिफा सिटीत. व्हिला मोठा आहे. माझी खोली जिन्याखाली, गुडघ्यांमुळे. अलीना, नात, गेल्या महिन्यात मेक्सिकोला गेली, कंपनीने पाठवलं. जायच्या आधी मांडीवर लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ बसली. "नानी, तुम्ही पण एक्स्पॅट होता ना? टेल मी, प्रोज अँड कॉन्स." मी म्हटलं, आम्ही एक्स्पॅट नव्हतो बाई. मग तिला मांचं वाक्य सांगितलं, पाहुणीसारखी राहू नकोस. तिने ते टाइप केलं, पण फायद्यांच्या बाजूला लिहावं की तोट्यांच्या, ते तिला कळेना.

ती गेल्यावर नुसरतने तिची खोली आवरली. खालच्या मजल्यावरची, मोठी, खिडकीत उजेड असलेली. नवी चादर, नवे पडदे, उशांवरचं प्लॅस्टिकही काढलं नाही. "राहू दे, अम्मी," म्हणाली, "अलीना व्हेकेशनला येईल तेव्हा वापरेल." आणि दार ओढून घेतलं.

काल दुपारी नुसरत ऑफिसात असताना मी माझं अंथरूण उचललं. उशांचं प्लॅस्टिक दातांनी फाडलं, हातांना तेवढा जोर नाही. पायात सपाता नव्हत्या, बागेतली माती होती. तशीच त्या पलंगावर चढले आणि पाय पसरून झोपले.

नुसरत आली आणि दारातच थांबली. "अम्मी! ही तर नवी चादर..."

"पाहुणी येईल तेव्हा धू," मी म्हटलं, आणि कूस बदलली.